तुम्ही विचारलंत म्हणून: सिमेंटच का?

ब्राँझ नाही, संगमरवर नाही, सिमेंटच का? माझ्या शिल्पांपुढे उभं राहून हे विचारणारे पुष्कळ भेटतात. स्वस्त पडतं, एवढं सांगितलं तरी चालेल आणि ते खरंही आहे. पण मला हा नाद लावला तो शिल्पकार रामकिंकर बैज यांनी.

बंगालमधल्या बांकुड्यातल्या गरीब घरात १९०६ साली जन्मलेले रामकिंकर १९२५ मध्ये टागोरांच्या शांतिनिकेतनात आले, चित्रकार नंदलाल बोसांकडे शिकले आणि तिथलेच झाले. आसपास संथाळ आदिवासींच्या वस्त्या. कामाला जाणारी-येणारी ती माणसं रोज समोर असायची. १९३८ मध्ये रामकिंकरांनी ‘संथाळ परिवार’ हे शिल्प उभं केलं. खांद्यावर कावड घेतलेला बाप, कावडीच्या पाटीत मूल, डोक्यावर ओझं आणि कडेवर तान्हं घेतलेली आई, सोबत कुत्रं. बिऱ्हाड निघालंय. आणि आकार माणसाहून मोठा! एवढा पुतळा तोवर राजाचा नाहीतर लाटसाहेबाचा व्हायचा.

ब्राँझ परवडणारं नव्हतंच. लोखंडी सळ्यांचा सांगाडा करून त्यावर सिमेंट आणि जांभ्याची बारीक खडी ते हाताने फेकत, थापत गेले. असं काम करणाऱ्यालाच कळतं, माल आवळायच्या आत ठरवावं लागतं, मागाहून छिन्नीच. तो खडबडीतपणा काहींना अर्धवट वाटतो. मला नाही वाटत. ज्या तांबड्या जमिनीवरून ते कुटुंब चालतं, तिचीच खडी त्याच्या अंगात आहे.

रामकिंकरांच्या कामाला ‘आदिवासी संस्कृतीपासून प्रेरणा’ म्हणणं मला अपुरं वाटतं. संथाळ म्हणजे मांदळ (त्यांचा ढोल) आणि नाच, एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांना संथाळांचे कष्ट दिसले, बदलता काळही दिसला. पुढे १९७० मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यांचे विद्यार्थी शंखो चौधरी यांनी बडोद्यात शिल्पकारांची पिढी घडवली. १९८० मध्ये रामकिंकर गेले.

पण मला विचाराल तर त्यांचं १९५६ चं ‘मिल कॉल’ हे शिल्प बघा. गिरणीचा भोंगा झालाय, दोन संथाळ बायका धावत सुटल्यात, मागून पोर पळतंय. लुगडं वाळवायलाही सवड नाही, ते धावता धावता वाऱ्यावर सोडलंय. ते ओलं, फडफडणारं कापड सिमेंटचं आहे.