सुरगाठ की निरगाठ?

डब्लिन, शनिवार रात्र

लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने दिलेलं चांदीचं पदक आज पहिल्यांदा गळ्यात घातलं. तीन पाकळ्यांची गाठ, इथे ट्रिनिटी नॉट म्हणतात ती. डबीत एक चिठ्ठी: प्राचीन केल्टिक (म्हणजे इथल्या जुन्या केल्ट लोकांचं) चिन्ह, आदि नाही, अंत नाही, अखंड प्रेम. सकाळी व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. तिने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "ही सुरगाठ की निरगाठ गं?"

मला सांगता येईना. नखाने रेघ गिरवत गेले. एकदा वरून, एकदा खालून, तीन ठिकाणी स्वतःलाच ओलांडून परत होते तिथे. ओढायला टोकच नाही. आई म्हणाली, "मग सुटायचा प्रश्नच मिटला."

दुपारी पाऊस होता, म्हणून किल्डेअर स्ट्रीटच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. (तिथे तिकीट नाही, हेही एक कारण.) टारा ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची एक जुनी नक्षीदार पिन, तिच्यापुढे अर्धा तास गेला. आठव्या शतकातली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, त्यावर केसासारख्या सोन्याच्या तारेचं काम, अंबराचे खडे, काच. गुंतलेले प्राणी इतके बारीक की काचेला नाक लावावं लागतं. आणि मागची, कपड्याला टेकणारी बाजूसुद्धा तितक्याच जिवापाड सजवलेली! टारा म्हणजे जुन्या आयरिश राजांची टेकडी, पण तिचा या ब्रोचशी काही संबंध नाही. ब्रोच 1850 मध्ये मीथ परगण्यात बेटीसटाउनजवळ सापडली. वॉटरहाउस नावाच्या जवाहिऱ्याने विकत घेतली, तिच्या प्रतिकृती विकल्या आणि खपावं म्हणून हे राजेशाही नाव दिलं. म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्यांची परंपरा मात्र खरंच जुनी आहे.

'प्राचीन' हा शब्द मला तेव्हापासून टोचतोय. ख्रिस्तपूर्व केल्टांच्या धातुकामात वळणं आणि चक्रं आहेत, ही वीण नाही. ती साधारण सातव्या शतकात इथल्या ख्रिस्ती मठांत रुजली, रोमन फरशा आणि जर्मानिक दागिने अशा वाटांनी. अमुक गाठ म्हणजे प्रेम, तमुक म्हणजे धैर्य, असं त्या भिक्षूंनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. ते अर्थ आपल्या काळातले, दुकानातले. त्यांनी केलं ते काम. रोमिली ॲलन या अभ्यासकाने 1904 मध्ये दाखवलं की या जाळ्याच्या मुळाशी साधी वेणी आहे. वेणीचे पेड ठरावीक जागी तोडायचे, शेजारच्या पेडाला जोडायचे, की गाठी उमटतात. जवळपास सगळा पसारा आठ मूळ गाठींचा. मला हे अखंड प्रेमापेक्षा जास्त आवडलं.

पण खरी गंमत ब्रोचला लोंबणाऱ्या साखळीत. बारीक तारेची विणलेली. अशा विणीला इंग्रजीत नाव पडलंय ट्रिचिनोपोली, म्हणजे आपल्याकडचं तिरुचिरापल्ली, कारण तशा साखळ्या तिथून विलायतेत जायच्या. मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं, अगं, हा तर गोफ!

रात्री आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आजीचा गोफ मोडून तिच्या पाटल्या केल्या होत्या, तो असाच होता, हाताला दोरीसारखा मऊ लागायचा. मग बराच वेळ आजीबद्दलच बोलत राहिली.

नवरा विचारत होता, चिठ्ठी टाकून देऊ का. राहू दे म्हटलं, डबीत.