तेवीस दातांचं स्प्रॉकेट

घेतल्यापासून माझी नॉर्टन कमांडो मोटरसायकल चढावर निघायला कुरकुर करायची. ७५० सीसीचं इंजिन, अंगात मुबलक टॉर्क, तरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट धरूनच तिला ओढावं लागे. वर पोचेपर्यंत क्लचचा जळका वास. कार्ब्युरेटर दोनदा साफ केले, क्लचप्लेटा पुसून बसवल्या. गिअरिंगची, म्हणजे इंजिनच्या किती फेऱ्यांत चाक एकदा फिरतं याची, शंकाच आली नाही.

शेवटी एका रविवारी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, दोन्ही प्लग काढले, टॉप गिअर टाकला. प्लगच्या भोकातून एक स्ट्रॉ पिस्टनवर टेकवली आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवलं. टायरचा व्हॉल्व्ह एक फेरा मारून खाली आला तोवर स्ट्रॉ बरोब्बर चार वेळा वर आली होती.

पुढचा हिशेब कागदावर झाला. चेन ज्यावर चढते त्या दातेरी चाकांचे, म्हणजे स्प्रॉकेटांचे, दात मोजायचे: इंजिनकडे २६, क्लचला ५७, मागच्या चाकाला ४२, टॉप गिअर एकास एक. चार फेरे यायचे तर गिअरबॉक्सला २३चंच स्प्रॉकेट हवं! १९चं असतं तर ४.८५ फेरे झाले असते, म्हणजे चढावर निघायला जास्त जोर.

आता बसवायचं कुठलं? कमांडोचं इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. माझ्या गाडीत २५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली ते चांगलंच हादरतं, वर गेलं की लोण्यासारखं. मी बहुतेक वेळ ताशी ४५ मैलांनी जाते. २३वर तिथे टॉपमध्ये जेमतेम २३०० भरतात आणि आरशात सगळं थरथरत असतं. १९ने चढ सुटला असता, पण ६० मैलांना ३७५०च्या वर. लांबच्या प्रवासात ते कानाला नको होतं. २१वर ४५ला २५५०, ६०ला ३४००. शिवाय चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळे दात विषम असले की झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. २१ ठरलं.

काम मात्र दिवसभराचं. स्प्रॉकेट प्रायमरी चेनकेसच्या (इंजिन ते क्लच या चेनच्या पेटीच्या) मागे, म्हणजे क्लच उतरवणं आलंच. क्लचची डायफ्राम स्प्रिंग दाबायचं खास टूल हाताशी नसेल तर तिला हात लावू नका, ती जोरात उसळते. स्प्रॉकेटचा नट उलट्या आट्यांचा आहे, हेही लक्षात ठेवा. स्पीडोमीटर मागच्या चाकावरून चालतो, त्याला काही करावं लागत नाही.

काल त्याच चढावर मुद्दाम थांबले आणि निघाले. क्लच पूर्ण सुटला तेव्हा गाडी दोन-तीन हातच पुढे गेली होती.