काटा जिनिंगमध्येच राहणार

गेल्या मे महिन्यात धरणगावजवळच्या एका जिनिंगचा (कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याचा) सर्व्हर, म्हणजे सगळा डेटा ठेवणारा कॉम्प्युटर, सलग दोन दिवस तापून बंद पडत होता. खोलीत एसी होता, पण दुपारी वीज गेली की एसीही जायचा आणि वरचा पत्रा भट्टीसारखा व्हायचा. मालकांचा, म्हणजे दादांचा, फोन आला, "ताई, हे सगळं आता क्लाउडवर टाकून द्या."

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले, नेटवरून वापरायचे भाड्याचे सर्व्हर. पण 'टाकून द्या' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. दोन वर्षांपूर्वी जळगावच्या एका डाळ मिलमध्ये हेच झालं होतं. बाहेरून आलेल्या एका कंपनीने डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, उचलून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ठेवला आणि जुना प्रोग्राम मिलमधल्या कॉम्प्युटरवर तसाच राहू दिला. तो प्रोग्राम एक बिल उघडताना डेटाबेसला चारशे वेळा काही ना काही विचारायचा. एकाच इमारतीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण मुंबईला जाऊन यायला एका फेरीला २५ मिलिसेकंद धरले, तरी चारशे फेऱ्यांचे दहा सेकंद होतात. समोर व्यापारी उभा आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ. महिन्याभरात सगळं परत खाली आणलं. पैसे गेले ते गेलेच, पण तिथली माणसं आता क्लाउडचं नावही काढू देत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून दादांना म्हटलं, मला आठ दिवस द्या, मी नुसती बसते.

पहिले तीन दिवस हिशेबनीस आप्पांजवळ बसले. जिनिंगमध्ये एकूण अकरा प्रोग्राम निघाले. दादांना पाचच माहीत होते. खरेदी, काटापट्टी (वजनाची पावती), गाठींचा स्टॉक आणि सरकी विक्री हे व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, खाली एसक्यूएल सर्व्हर २००८ हा डेटाबेस. पहिल्याचा सपोर्ट २००८ मध्ये संपला, दुसऱ्याचा जुलै २०१९ मध्ये. तेव्हापासून सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती मिळत नाही आणि त्यावर शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत. मला झोप न येण्याचं कारण हे होतं, एसी नव्हे.

अकरांपैकी तीन प्रोग्राम कुणी उघडतच नव्हतं. ते बंद करायचे, फक्त डेटा जपून ठेवायचा. पगाराचा प्रोग्राम नव्याने लिहिण्यात अर्थ नाही, तयार ऑनलाइन सेवा घ्यायची. हिशेबाचं सॉफ्टवेअर बाजारातलंच आहे, ते भारतातल्याच सर्व्हरवर हलवायचं. ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबात प्रत्येक बदलाची नोंद राहावी लागते, आणि त्याआधीपासूनच इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो. आजवरचा बॅकअप म्हणजे आप्पांच्या लोखंडी कपाटातला पेन ड्राइव्ह.

खरेदी आणि स्टॉक मात्र नव्याने लिहायचं. एकदम नाही. आधी गाठींचा स्टॉक, मग सरकी, शेवटी खरेदी. एकेक तुकडा नव्या घरात जाईल, तोवर बाकीचे जुन्या घरात चालू राहतील.

चौथ्या दिवशी वजनकाट्यावर गेले. काट्यावरचे नाना अमळनेरकडचे. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "नेट गयं तं काटा चाली का?"

माझ्या कागदावर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. हंगामात ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यावर येते, आणि रस्त्याच्या कामात केबल तुटली की नेट दिवसभर येत नाही. तेवढा वेळ कापूस घेऊन आलेल्या माणसाला उभं करणार? काट्याचा डेटा तिथल्याच कॉम्प्युटरला सीरियल केबलने येतो. ती केबल, तो कॉम्प्युटर आणि पावती छापणं हे जिनिंगमध्येच राहणार, हे तिथेच ठरलं. नेट असेल तेव्हा पावत्या आपोआप वर जातील, नसेल तेव्हा रांगेत थांबतील. पावतीचा नंबरही काट्यावरच ठरेल, म्हणजे नेट आल्यावर एकाच नंबराच्या दोन पावत्या होणार नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाईल ती नावं. शेतकऱ्यांची नावं जुन्या मराठी फाँटमध्ये साठवलेली आहेत, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या आजच्या पद्धतीत, नाहीत. फाँट काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बदलणारा प्रोग्राम मी लिहिला, पण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट. 'किशोर' सुधारला तर 'अर्जुन' बिघडतो. चार हजारांवर नावं आहेत. आप्पांनी छापील यादी मागून घेतली आणि रोज जेवणानंतर लाल पेनने शंभर नावं तपासतात. गावातली आडनावं त्यांच्याइतकी कुठल्याच प्रोग्रामला कळणार नाहीत.

खर्चाचं दादांना कपाशीच्या भाषेत सांगितलं. तीन वर्षांचा करार केला तर सर्व्हर स्वस्त पडतो, पण जिनिंग चालतं हंगामाचे पाच-सहा महिने. म्हणून करार लहान सर्व्हरचा करायचा आणि दिवाळीनंतर लागेल ती जास्तीची ताकद तासावर घ्यायची. हंगामी मजूर लावतो तसंच. त्यांना लगेच पटलं.

सगळं हलवायची तारीख आप्पांनी ठरवली, आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची. तोवर कापूस संपलेला असतो, मार्चअखेरचे हिशेबही मिटलेले असतात.

परवा पहिली चाचणी घेतली. सरकी भरलेला ट्रॅक्टर काट्यावर उभा केला आणि नेटची वायर मी हाताने काढली. पावती आली. नानांनी ती आपल्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली, खिशात ठेवली आणि पुढच्या गाडीला हात केला. वायर परत जोडल्यावर वर पोचायला पावतीला सव्वा मिनिट लागलं. ते कमी करायचं काम आता माझ्याकडे आहे.