सोळा घरांची गोधडी

मॉडर्न क्विल्ट शिवणं हा माझा धंदा. मागणी बहुधा बाळाच्या दुपट्यांना, नाहीतर नव्या फ्लॅटच्या भिंतींसाठी. वाशीतल्या सिडकोच्या एका जुन्या इमारतीचं काम मात्र वेगळं निघालं. इमारत पुनर्विकासाला चाललेली, सोळा घरं भाड्याच्या जागांत पांगणार. त्याआधी प्रत्येक घरातलं एकेक कापड घेऊन सगळ्यांची मिळून एक गोधडी करायची, असं तिथल्या बायकांनी ठरवलं. बिल्डरवरून सोसायटीत दोन तट आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ॲडव्हान्स घेतल्यावर कळलं.

कापडं आली ती पैठणीचा विरलेला काठ, शाळेचा गणवेश, इरकली नऊवारी, सोफ्याचं कव्हर. एपीएमसीत माथाडी असलेल्या एका काकांचा सदराही होता, खांद्यावर झिजून जाळी झालेला. हे सगळं चौकोन पाडून शेजारी शेजारी लावलं असतं तर नुसता गोंगाट झाला असता. मी पट्ट्या कापल्या, एका कोपऱ्यात दाटीने जोडल्या आणि उरलेली तीन चतुर्थांश जागा राखाडी खादीची सोडली. सपाट रंग, तोल मुद्दाम एकीकडे झुकलेला, भरपूर मोकळी जागा, ही मॉडर्न क्विल्टच्या शैलीची ओळख. २००९ साली लॉस एंजेलिसमध्ये तिचं गिल्डही, म्हणजे शिवणाऱ्यांची संघटना, स्थापन झालं.

थर जोडायच्या दिवशी हॉलमध्ये ती पसरली तेव्हा साताऱ्याकडच्या एक आजी म्हणाल्या, "अगं, एवढं रिकामं का? चिंध्या संपल्या व्हय?"

मी त्यांना मोबाईलवर अलाबामातल्या जीज बेंडच्या गोधड्या दाखवल्या. शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या. आजींनी फोटो मोठा करून टाके बघितले. "बरी हाय. पण टाका लांब पडलाय."

अस्तर जमिनीला चिकटपट्टीने ताणलं, वर कापसाचा थर, त्यावर तयार तुकडा. पिना मध्यापासून बाहेरच्या बाजूला, मुठीएवढ्या अंतरावर लावायच्या. नाहीतर मध्ये फुगा येतो. एकट्या माणसाचं हे काम नव्हे. चारही कडांना बायका बसल्या, आणि बसताना तट बरोबर समोरासमोर आले. पण समोरचीने कापड ओढून धरल्याशिवाय आपल्याला पीन लावता येत नाही. "जरा ताणा" एवढ्यावरून बोलणं सुरू झालं. पुढे ते भाड्याच्या जागांवर गेलं, मग कोणाच्या सासूच्या गुडघ्यावर. बिल्डरचं नाव कोणी काढलं नाही.

धावदोरा कुठून घालायचा यावर खरं भांडण झालं. मी मध्यापासून म्हणत होते, आजी कडेपासून. त्यांच्या गावी कडेने फेर धरत आत येतात, उरलेला फुगवटा चिमटीने पुढे सारत. पिना दाट होत्या, म्हणून मी मान्य केलं. दाट पट्ट्यांवर टाका दिसतच नाही. खादीवर मात्र सगळं उघडं पडलं: आजींचा तांदळाएवढा टाका, सेक्रेटरीबाईंचा सुतळीसारखा लांब, नववीतल्या मुलीचा वाकडातिकडा. बघणाऱ्याला तिथे कोण कुठे बसलं होतं ते कळतं. मशीनने हे काम मी दोन दिवसांत उरकलं असतं, पण मग ती फक्त माझी गोधडी झाली असती.

शेवटी प्रश्न आला, इमारत उभी राहीपर्यंत ती ठेवायची कोणाकडे? दोन्ही तटांना आपल्याकडेच हवी होती. प्रत्येक घरी दोन-दोन महिने, असं ठरलं. मी ताकीद दिली: हाताने, थंड पाण्यात, सावलीत वाळवायची, वॉशिंग मशीन अजिबात नाही. यादी लिहायला घेतली तर जुलै-ऑगस्टला नाव द्यायला कोणीच तयार होईना.

"पावसाळ्यात वाळायची कशी?" सेक्रेटरीबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच सगळा हॉल त्यांच्या बाजूने होता.