मासा पंचावन्न वेळा

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला प्रत्येक प्रकल्पासोबत एक ‘प्रोसेस बुक’ सादर करावे लागते आणि त्या वहीची पहिली काही पाने प्रेरणेसाठी राखून ठेवायची असतात. घर कोकणात आहे एवढे कळले, की त्या पानांवर काय असणार याचा अंदाज वर्गातला कोणीही बांधू शकतो: किनाऱ्याकडे झुकलेला माड, कौलारू घर, मावळतीला निघालेली होडी आणि फार तर एखादे कातळशिल्प. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून ती टी-शर्टांवर, मगांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर इतकी उमटू लागली आहेत, की जांभ्या खडकाच्या सड्यावर कोरलेला मूळ हत्ती प्रत्यक्ष पाहिला तर तोच नक्कल वाटावा. या चित्रांचा मला राग नाही. पण त्यांतला माड घ्या. तो कितीही देखणा असला तरी तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या अडचणीतून घडवला, हे त्याला विचारता येत नाही, आणि माझ्या अभ्यासाचा विषय तर नेमका तोच आहे.

सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मात्र हे सगळे प्रश्न विचारू देते. दशावतारी गंजिफेच्या एका संचात १२० पाने असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने. पाने गोल, तळहातात मावतील एवढी, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली आणि वरून लाखेचा हात दिलेली असतात. विझत चाललेली ही कला १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली, आणि आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर ती पाने रंगवत बसलेले दिसतात. पाहणाऱ्याने शेजारी उभे राहिले तरी त्यांची हरकत नसते, आणि मी त्या सवलतीचा बराच गैरफायदा घेतला आहे.

एका रंगातल्या एक ते दहा या पानांवरच्या चिन्हांची बेरीज केली, तर ती पंचावन्न भरते. म्हणजे राजा आणि वजीर सोडून निव्वळ मत्स्याच्या रंगात चिताऱ्याला मासा ५५ वेळा काढावा लागतो, आणि साऱ्या संचात मिळून अशी ५५० चिन्हे होतात. पंचावन्नाव्या माशालाही खवले काढत बसणारा चितारी संच कधी पुरा करणार आणि विकणार कधी? म्हणून मासा आटत जातो. मी ज्या पानाकडे पाहत होते, त्यावर त्याच्या वाट्याला पोटाचा एक फुगीर फटकारा, शेपटीचे दोन आखूड आणि डोळ्याचा ठिपका एवढेच आले होते. कुंचला एकदा रंगात बुडवला की ओळीने तीन-चार मासे होत होते आणि शेवटच्याची शेपूट किंचित फिकी पडत होती. आम्हांला वर्गात बोधचिन्हासाठी प्राण्याचे रूप सोपे करायला सांगतात, तेव्हा आम्ही संगणकावर एकेक रेघ वगळत जातो आणि कोणती ठेवावी यावर तासन्‌तास वाद घालतो. चिताऱ्याची रेघ वादावादीने गळलेली नसते. हाताला तेवढी सवड नाही म्हणून ती गळते, आणि जिच्यावाचून मासा ओळखूच येणार नाही तेवढी मागे उरते. पंचावन्न वेळा हाताने काढून पाहिल्याशिवाय कोणतेही बोधचिन्ह मंजूर करू नये, असा नियम मी तरी माझ्यापुरता केला आहे. वर्गातले त्याला हसतात.

पानाच्या गोलपणाचीही एक अडचण आहे. नेहमीच्या पत्त्यांना कोपरे असतात, म्हणून कोपऱ्यात आकडा आणि बदाम-किलवर छापून भागते. गोल पानाला कोपराच नाही. हातात पाने सरकवून धरली, की मागच्या प्रत्येक पानाची कडेची कोर तेवढी दिसते. त्या कोरेवरून निदान रंग तरी कळावा, यासाठी प्रत्येक रंगाची जमीन, म्हणजे चिन्हांमागची रंगीत पार्श्वभूमी, वेगळी ठेवलेली असते, आणि खेळणारा आधी जमीन पाहतो, चिन्हे मागाहून मोजतो. माहितीचा क्रम ठरवण्याविषयी आम्हांला जे शिकवतात, ते इथे खेळाच्या गरजेतून आपोआप झाले आहे. (दिवसा खेळायला बसले तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो आणि रात्री कृष्णाचा, हा नियम मला फार आवडतो, पण त्याचा उपयोग अजून कोणत्याच प्रकल्पात करता आलेला नाही.)

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही याच जातीची. सुटे कागद, एकामागून एक पुढे येणारी चित्रे, आणि सांगणाऱ्याच्या आवाजावर चालणारी गोष्ट. ती परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चलचित्राच्या अभ्यासक्रमासाठी मी तिच्याकडे वळले होते. पण चित्रकथीतले चित्र सांगणाऱ्यावाचून अर्धेच असते, म्हणून तो विषय मी सोडून दिला आणि अक्षरांकडे परत आले.

अक्षरांसाठी बंदरावर जायला हवे, आणि तेही पावसाळ्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी विणायला निघतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत रंगकाम उरकायचे म्हणून पावसाने जरा उघडीप दिली की ऑइल पेंटचे डबे उघडतात. मालवणजवळ सर्जेकोटच्या बंदरात एक पेंटरकाका ‘आई भराडी प्रसन्न’ हे नाव लिहीत होते. त्यांनी आधी खडू लावलेला दोरा ताणून फटकन् सोडला आणि शिरोरेषेची खूण पाडली. पण नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, होडीची कड वर चढत जाते, म्हणून तिथे दोरा पट्टीच्या मापाने सरळ न धरता त्यांनी नजरेने थोडा उचलून घेतला. ‘भ’ काढताना शिरोरेषेतली फट त्यांनी जवळजवळ बोटभर रुंद ठेवली. ही फट बुजली की लांबून भ आणि म सारखेच दिसतात, ध आणि घ यांचीही तीच गत. आणि वर्ष-दोन वर्षांत खारे वारे व रंगाचे नवे हात मिळून ती बुजवायलाच टपलेले असतात. कागदावर अशी फट बेढब दिसेल. मी तसे म्हणाले, तेव्हा त्यांनी ब्रश न थांबवता उत्तर दिले, “लांबसून नाव वाचूचा नसता गो, वळखूचा असता.”

त्याच फळीवर खाली ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणीचा क्रमांक रोमन अक्षरांत होता. तो लिहिताना काकांनी पट्टी लावली, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी मारली आणि एकदाही मान तिरकी करून पाहिले नाही. एकाच हाताने, एकाच दुपारी लिहिलेल्या त्या दोन ओळी शेजारी शेजारी पाहिल्या, की वरची ओळ देवीसाठी आहे आणि खालची सरकारसाठी, हे निरक्षराच्याही ध्यानात यावे.

आता पुष्कळशा होड्यांवर रेडियमची अक्षरे येतात. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे आणि आमच्या क्षेत्रात ती फॅशनही आहे. पण तासाभरात, कोरड्या हाताने, कमी पैशांत नाव लागत असेल तर होडीवाल्याने पेंटरची वाट का पाहावी? माझी हरकत निराळी आहे. दुकानातल्या यंत्रावर कापली जाणारी अक्षरे सपाट कागदासाठी घडवलेली असतात. ती फुगीर फळीवर चढली की मात्रा बाजूला कलतात आणि भ ची ती अरुंद फट पन्नास पावलांवरून नाहीशी होते. देवनागरीत चांगल्या अक्षरसंचांचा दुष्काळ आहे, असे आता म्हणता येत नाही. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ विंडोजबरोबर लाखो संगणकांवर पोहोचला, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ कोणालाही विनामूल्य वापरता येतो. परंतु हे वाचनाचे अक्षरसंच आहेत. त्यांनी नाळेवर चढावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून होडीसाठी एक अक्षरसंच बेतावा, असा माझा या वर्षीचा प्रकल्प आहे. देवनागरीचा पुरा संच करायचा तर जोडाक्षरे मिळून शेकडो आकार काढावे लागतात. पण निव्वळ होड्यांच्या नावांचा विचार केला तर श्री, प्र, न्न आणि क्ष्मी एवढ्यावर अर्धा किनारा भागेल, हा त्यातला मोठा दिलासा.

वापरणारा माणूस आपल्या रचनेचे काय करतो, हे पाहायला बंदरापर्यंतही जावे लागत नाही. मालवणच्या जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला टांगलेले आहे. त्यातला तारखेचा आकडा फोडणी देता देता चार पावलांवरून दिसतो, तिथी-नक्षत्रासाठी जवळ जावे लागते आणि मागचा मजकूर वाचायचा तर ते भिंतीवरून उतरवावे लागते. तीन अंतरे आणि त्यांना जुळणाऱ्या तीन आकारांची अक्षरे. पण आईने त्याच चौकटींत दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कामवाल्या मावशींची सुट्टी लिहून चौथाही थर चढवला आहे. छापणाऱ्याने चौकटीत थोडी मोकळी जागा सोडली म्हणून हे शक्य झाले. आमच्या वर्गात जी दिनदर्शिका सर्वांत सुंदर ठरली, तिच्यात दुधाचा एक खाडाही मावला नसता.

आंब्याच्या पेटीने मला सर्वांत जास्त छळले. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपली पेटी बाजारात वेगळी दिसावी असे बागायतदारांना वाटू लागले आहे, आणि ओळखीच्या एका काकांनी ते काम माझ्यावर सोपवले. मी आंब्याच्या सालीवरच्या केशरी-पिवळ्या छटा चार रंगांच्या छपाईत नीट उतराव्यात म्हणून झटत होते. आणि खोके बनवणाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगितले, की पन्हाळीच्या तपकिरी पुठ्ठ्यावर रबराच्या ठशाने दोनच शाया लागतील, बारीक रेघ पसरेल आणि पोकळ जागा भरून येतील. शिवाय हवेसाठी ठेवलेली भोके नेमकी जिथे मी पान काढले होते तिथे पडणार होती. छटा गेल्या, पान गेले, आणि उरलेल्या दोन शायांत मला गंजिफेतला मासा आठवला. आंबा एका फटकाऱ्याचा केला, देठापाशी एक तुटक रेघ ठेवली आणि हवेची चार भोके त्याच्या शेजारी ओळीने येतील अशी जागा ठरवली. नावातली अक्षरे पेंटरकाकांच्या मापाने मोकळी केली, त्यामुळे शाई पसरूनही ‘भ’ शाबूत राहिला.

नमुन्याची पेटी बागायतदार काकांनी पालथी घालून पाहिली, उताणी करून पाहिली, वर दुसरी पेटी ठेवून दाबून पाहिली. आंब्याविषयी ते काही बोलले नाहीत. बाजारात पेट्यांची थप्पी लागली की नाव झाकले जाते आणि फक्त अरुंद बाजू दिसते, तेव्हा फोन नंबर तिथे हवा आणि दुप्पट मोठा हवा, एवढीच त्यांची सूचना होती. ज्युरीपुढे त्या नंबराचे समर्थन कसे करायचे याची टिपणे सध्या मी काढते आहे.