थंड झाल्यावर मोजलेला जॉब : आमची वाटचाल

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतील भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा (आमच्या भाषेत 'जॉब') फिरवून कातणाऱ्या यंत्रांवर, आम्ही काम सुरू केले, तेव्हा माझ्यासह चार माणसे होती आणि एका किटलीतला चहा सर्वांना पुरत असे. पुढे संगणकावर चालणारे सीएनसी मशीन आले, दोन पाळ्या झाल्या, माणसे 22 झाली आणि माझ्यासाठी केबिन बांधली गेली. त्या केबिनच्या काचेतून लक्ष ठेवणे म्हणजेच कारखाना चालवणे, अशी माझी समजूत होऊन बसली. मी कॅमेरे लावले, दर तासाचे उत्पादन लिहिण्यासाठी वही ठेवली आणि 10 मिनिटांच्या उशिराला अर्ध्या दिवसाची हजेरी कापण्याचा नियम केला.

त्याच काळात पंपाच्या शाफ्टची, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची, एक ऑर्डर चालू होती. व्यास 60 मिलिमीटर आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, उणे बाजूला फक्त 19 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रात्रपाळीचा माल आमच्या वहीत बरोबर दिसे, मात्र ग्राहकाच्या तपासणीत व्यास कमी भरे आणि कमी झालेला व्यास पुन्हा कातून वाढत नसल्याने तो माल भंगारात जाई. मी रात्रपाळीला दम दिला, व्यास मोजायचे मायक्रोमीटर बदलले, आणखी एक कॅमेरा बसवला. रिजेक्शन हटले नाही.

अखेर एका रात्री मी घरून डबा घेऊन आलो आणि मशीनशेजारी बसलो. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर मशीन लावून देणाऱ्या आमच्या ज्येष्ठ सेटरनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, मशीनच्या पकडीतून (चकमधून) नुकताच काढलेला शाफ्ट माझ्या हातावर ठेवला. तो चांगलाच गरम होता. "शेठ, आत्ता मोजलात तर मापात बसतो. जेवून झाल्यावर मोजा," ते म्हणाले. जेवणानंतर मोजला तेव्हा व्यास 10 मायक्रॉनने उतरला होता. आजूबाजूच्या हवेपेक्षा 15 अंश जास्त तापलेला 60 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट साधारण तेवढाच फुगलेला असतो. म्हणून माल आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला येईपर्यंत थांबावे लागते.

हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. "तासाचा आकडा भरायचा असतो. जॉब निवेपर्यंत थांबलो तर आकडा कमी दिसतो, आणि विचारायला तुम्ही खाली येत नाही."

ते वाक्य मला फार लागले. माझ्या नियमांनी माणसांना वही भरायला शिकवले होते आणि त्यांना जे ठाऊक होते ते माझ्यापर्यंत पोहोचण्याची वाट मीच बंद केली होती. दुसऱ्या दिवशी वही बंद केली. जॉब निवण्यासाठी लाकडी रॅक करून घेतला. त्याचा आराखडा तात्यांनीच काढला.

उशिराचा नियम मात्र लगेच सुटला नाही. एका सकाळी मी आमच्या एका ऑपरेटरबरोबर दिवा स्टेशनवरून निघालो. दोन गाड्यांत आम्हाला चढताच आले नाही, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल धरली आणि रबाळ्याला पोहोचेपर्यंत पाळी सुरू झाली होती. त्यानंतर आम्ही सर्वांनी बसून पाळीची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलली. आमच्याकडे निम्मी माणसे कोकणातली आहेत. गौरी-गणपतीच्या रजेवरून दरवर्षी होणारी ओढाताण थांबावी म्हणून मशीनची वार्षिक दुरुस्ती आता त्याच आठवड्यात धरतो.

वाढदिवसाला केक कापला की जिव्हाळा निर्माण होतो, असे मला वाटत नाही. आपुलकी म्हणजे ढिलाई, असेही नाही. मशीनचे संरक्षक झाकण (गार्ड) उघडे ठेवून काम करणाऱ्याला मी आजही त्याच क्षणी थांबवतो. फरक एवढाच, की का थांबवले ते त्याच्याजवळ उभे राहून सांगतो आणि त्याचे म्हणणे पूर्ण ऐकतो.

गेल्या महिन्यात एका नव्या मुलाने मशीनमध्ये चुकीचा ऑफसेट (हत्याराची जागा ठरवणारा आकडा) टाकला आणि तीन शाफ्ट बिघडले. ते भंगाराच्या पेटीत न टाकता तो सरळ माझ्याकडे घेऊन आला. तिन्ही शाफ्ट अजून गरम होते.