आमचं उत्पन्न ९१,००० कसं ठरलं

२०२४ च्या उन्हाळ्यात मुलीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मला आमची गरिबी कागदावर आणावी लागली. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब आणि मागास मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के मोफत जागांचा अर्ज भरायचा होता. आम्ही खुल्या प्रवर्गातले, त्यामुळे आमच्यासारख्यांना वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. शेजारच्या ताईंकडे जातीचा दाखला होता, त्यांना उत्पन्नाची अट नाही. मला आधी वाटलं, यांचं बरंय. पण त्या दाखल्यासाठी त्यांनी गावाकडे पाच खेपा घातल्यात आणि सासऱ्यांच्या शाळेचं दप्तर शोधून काढलंय, हे कळल्यावर गप्प बसले.

आम्ही मूळचे भूम तालुक्यातले. पुण्यात येऊन नऊ वर्षं झाली. हे रंगकाम करतात, मी घरी फॉल-पिको करते. दुकानदार गिऱ्हाइकाकडून शंभर घेतो, मला साडीमागे चाळीस देतो. दोरा माझा.

पहिली अडचण पत्त्याची निघाली. रेशनकार्ड गावचं, लाइटबिल घरमालकाच्या नावाचं. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि तोही अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा. नऊ वर्षांत आमचा करार म्हणजे मालक काकांच्या वहीतली एक ओळ. काका वाईट नाहीत, पण नोंदणी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खोली कागदावर आली की टॅक्स लागेल, भाडेकरू उठणार नाही, अशी त्यांची भीती. शेवटी काकूंनी त्यांना तयार केलं. अट अशी, की सगळा खर्च आमचा आणि भाडं पाचशेनं जास्त. एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला, फोटो काढले, अंगठे घेतले. नोंदणी फी, मुद्रांक आणि त्याची मजुरी धरून २,४०० रुपये गेले. साठ साड्यांचे पैसे. आपण गरीब आहोत हे सिद्ध करायला आधी थोडे पैसे गाठीला असावे लागतात, हे मला तेव्हा कळलं.

मग उत्पन्नाचा दाखला. ज्याला पगाराची स्लिप मिळते त्याचा हिशोब सरळ असतो. आमच्या गल्लीतल्या एका वॉचमनला महिन्याला तेरा हजार मिळतात, म्हणजे वर्षाचे दीड लाखाच्या वर. तो बाद. बारा महिन्यांत एक लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. पुण्यात खोलीचं भाडं भरून यात कोण राहतं, हे ही मर्यादा ठेवणाऱ्यांनाच विचारायला हवं. पण ह्यांना स्लिप नाही, रोज आहे. २०२३-२४ साली सातशे रुपये रोज. आता प्रश्न आला, वर्षात दिवस किती भरले?

हे कामाचे दिवस कालनिर्णयवर मांडतात. काम असलं की तारखेवर टिक, खाडा झाला की फुली, अर्धा दिवस असला की आडवी रेघ. २०२४ चं कालनिर्णय भिंतीवर होतं. २०२३ ची पानं मात्र मी डब्यांच्या फळीवर अंथरली होती. डबे उतरवून ती काढली. जुलैच्या पानावर तेलाचा गोल डाग, त्याखालच्या टिका उजेडात धरून मोजल्या. पावसाळ्यात बाहेरचं काम बंद. पितृपक्षात कुणी घर रंगवायला काढत नाही. दसरा ते दिवाळी नुसत्या टिकाच टिका, रविवारीसुद्धा. डिसेंबरात घोडीवरून पाय घसरला आणि कंबर धरली, ती पार फेब्रुवारीपर्यंत, त्या पानांवर नुसत्या फुल्या. मी दोनदा मोजलं, ह्यांनी एकदा. १३० दिवस. गुणिले सातशे, ९१,०००.

ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी म्हटलं, "आणि माझे?" महिन्याला पन्नासेक साड्या होतात, म्हणजे दोन हजार. वर्षाचे चोवीस. एकूण एक लाख पंधरा हजार. हे काही बोलले नाहीत. माझं मशीन नसतं तर आम्ही नियमात बसत होतो.

तलाठी कार्यालयात मी एकटीच गेले, ह्यांचा रोज बुडवून चालणार नव्हतं. सोबत करार, आधार, स्वयंघोषणापत्र आणि कालनिर्णयची पानं. टेबलामागच्या भाऊसाहेबांनी पानं बघितली आणि पहिल्यांदाच मान वर केली. "असा हिशोब कुणी आणत नाही," म्हणाले. मग विचारलं, "तुम्ही काय करता?"

खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते. म्हटलं, "फॉल-पिको करते. महिन्याला दोन हजार होतात."

"घरीच ना?"

"घरीच."

"मग ते कशाला धरता? बायकांचं शिवणकाम कोण उत्पन्नात धरतं?" आणि त्यांनी लिहिलं, रंगकाम, मजुरी, ९१,०००.

मी "कुटुंबाचं उत्पन्न म्हणतात ना हे?" असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. नऊ वर्षं रात्री अकरापर्यंत मशीनवर बसते, मान आखडते, डोळ्यांत पाणी येतं, आणि हा माणूस एका वाक्यात त्याचं शून्य करून मोकळा झाला. एरवी भांडले असते. त्या दिवशी "बरं साहेब" म्हणून बाहेर पडले आणि हायसं वाटलं. त्याचीच नंतर लाज वाटली.

दाखल्याची सरकारी फी तेव्हा ३३ रुपये ६० पैसे होती. सेतूवाल्याने दीडशे घेतले. पावती मागितली तर म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे.

तेवढ्यात नियमच बदलले होते. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली. एप्रिलमध्ये सायबरवाल्याने पोर्टल उघडून दाखवलं तर यादीत महापालिकेच्याच शाळा. तिथे तर असाही प्रवेश मिळतो, लॉटरी कशाला? लोक कोर्टात गेले. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि अर्ज पुन्हा नव्याने सुरू झाले. आम्ही दहा शाळा टाकल्या. नकाशावरचा लाल बलून नेमका आपल्या खोलीवर ठेवावा लागतो, जागा चुकली तर अंतर चुकतं आणि प्रवेश रद्द होऊ शकतो. आमच्या गल्लीला नकाशावर नावच नाही. शेवटी मागच्या मारुतीच्या देवळावरून अंदाज घेऊन बलून ठेवला.

७ जूनला लॉटरी निघाली, पण निकाल कोर्टाच्या निर्णयाअभावी अडकला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. मुलीला घरी किती दिवस ठेवायचं, म्हणून महापालिकेच्या शाळेत घातली. तिथल्या बाई इतक्या चांगल्या निघाल्या, की महिनाभरात ती जोडाक्षरं नसलेले शब्द वाचायला लागली. १९ जुलैला उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, नंतर यादी लागली आणि तिचं नाव आलं. बाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "न्या, न्या. पण वाचायचं थांबवू नका." मी कुणासाठी आणि कशासाठी धावतेय, असं तिथून परत येताना एकदा मनात आलं. पण इंग्रजी माध्यम सोडवलं नाही, खरं तेच सांगते.

पडताळणी समितीपुढे कागद दोन मिनिटांत पास झाले. शाळेत मात्र आमची रांग वेगळी होती. तशी पाटी नव्हती, पण शिपाई कागद बघून "आरटीईवाले इकडे" म्हणत होता. याच रांगेत एक जोडपं चारचाकीतून उतरलं. मागची बाई कुजबुजली, "बघा, यांचंही उत्पन्न लाखाच्या आत." मीही संतापले असते, पण पिशवीत माझा ९१,००० चा दाखला होता. त्यांच्या खोट्यात आणि माझ्या गप्प बसण्यात फरक आहे, असं मी मला समजावते. मी लाखाच्या वर गेले ती पंधराच हजारांनी.

फी आठवीपर्यंत माफ. नियमाप्रमाणे गणवेश आणि पुस्तकंही मोफत. पण शाळेने एका दुकानाची चिठ्ठी हातात दिली. पुस्तकं ३,२००, गणवेशाचे दोन जोड २,६००. वाद घातला तर मुलीला त्रास होईल या भीतीने पुस्तकं घेतली. गणवेशाचा एकच जोड घेतला आणि त्यावरून दुसरा घरी बेतला. स्कर्टच्या प्लेट्स पट्टी लावून मोजल्या, कापड मंडईजवळून आणलं, रंग अर्ध्या छटेने गडद निघाला. पंधरा दिवस जीव मुठीत होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते एका आईच्या, व्हॅनपाशी. तिने स्कर्टची शिलाई उलटून बघितली. "दुकानातली तर दुसऱ्या धुण्यात उसवली. ही कुठून शिवली?" महिनाअखेर माझ्याकडे सहा स्कर्ट शिवायला आले होते, प्रत्येकी दोनशे रुपये, मध्ये दुकानदार नाही.

रात्री ह्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय हातात घेतलं आणि माझ्या स्कर्टांसाठी वेगळी खूण काढायला लागले, छोटा त्रिकोण. मी म्हटलं, "असं करून आपण लाखाच्या वर जाऊ."

"जाऊ दे की," हे म्हणाले. "तुझं कुठे धरतात?"